दोघींना पसंत पडलेली डूला

३ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर आपल्या दोघींचा आवाज तिसऱ्या वाक्याला चढतो, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. म्हणून चिरंजीवांनी मला हात जोडून सांगितलं, "आई, त्यांच्याशी जे काय बोलायचं ते लिहून बोल." लिहिताना निदान समोरचं माणूस मधेच तोंड घालत नाही. हे मी कुणाला उद्देशून म्हणत नाहीये.

गेल्या आठवड्यात आपण दोघी एकाच दिवशी त्या घरातून परत आलो. तुम्ही तुमच्याकडे काय सांगितलंत ठाऊक नाही, मी शेजारी सांगितलं की पाय सुजले म्हणून आले. खरं काय ते आपल्याला माहीत आहे. बाळाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून आपण पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून जे काही बोललो ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं, आणि सूनबाई बाथरूमला आतून कडी लावून बसली ती संध्याकाळपर्यंत. मुलाने आपल्या दोघींच्या बॅगा स्वतः भरल्या. माझ्या बॅगेत तुमचा एक मोजा आलाय, सोबत पाठवते.

आता मुद्दा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की सूनबाईला झोप हवी, पोटात अन्न हवं आणि घरात शांतता हवी. बाळ झोपलं तरी ही डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असते. असंच चाललं तर औषधं सुरू करावी लागतील. म्हणून मुलाने ठरवलंय की डूला ठेवायची. डूला म्हणजे नर्स नाही, दाई नाही, कामवाली नाही. पहिले काही आठवडे ती बाळंतिणीजवळ राहते, तिला खायला घालते, तिची झोप सांभाळते, बाळाचं कसं करायचं ते दाखवते आणि त्याचा पगार घेते. मी म्हटलं, अरे, हेच तर आम्ही फुकट करत होतो. तो म्हणाला, "हो ना."

निवड करायचं त्राण सूनबाईच्या अंगात नाही. मुलाने केली तर आपल्यापैकी एक जण जन्मभर फुगून बसेल, असं त्याचं म्हणणं. म्हणून डूला पुरवणारी संस्था ज्या बायका सुचवेल त्यांच्याशी आपण दोघींनी वेगवेगळं फोनवर बोलायचं, आणि दोघींनी हो म्हटलं तीच ठेवायची. आणखी एक. आपल्याला परत कधी बोलवायचं, हे ती डूला ठरवणार आहे. हे वाक्य मी दोनदा वाचलं, तुम्हीही वाचा.

तीस वर्षं मी बसडेपोत कंट्रोलर होते, माणसं पारखण्याचं माझ्यावर सोडलंत तरी चालेल.

मुलाची आई


८ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

मोजा माझा नाही. माझ्या मोज्यांना भोक नसतं.

बाकी तुम्ही लिहिलेलं सगळं नीट कळलं. आमच्याकडे मी पाय सुजल्याचं नाही सांगितलं, "मला हाकललं" असं सरळ सांगितलं. घरचे म्हणाले, "तुला एकटीलाच?" नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं.

बबडी फोनवर येत नाही. जावईबापू उचलतात आणि म्हणतात, "ती पडलीय." मी विचारते, पडलीय की झोपलीय? मग ते बाळाचं काहीतरी काढतात. लहानपणी तिच्या तोंडाला कुलूप लावायला मला शिवणाच्या दुकानात गोळ्यांची बरणी ठेवावी लागायची, नाहीतर गिऱ्हाइकांशी तीच बोलत बसायची. तिला परत कधी बघायचं हे एक परकी बाई ठरवणार, हे मी दोनदा नाही, पुष्कळदा वाचलं.

पहिल्या उमेदवार बाईशी काल बोलले. काय ती फाइल, काय ती प्रमाणपत्रं. मी म्हटलं, बाई, तुम्हाला मुलं किती? म्हणाली, लग्नच झालेलं नाही. मग मी पुढचं ऐकलंच नाही. जिने कधी हे भोगलं नाही ती माझ्या लेकीला काय सांगणार? माझा नकार. संस्थेकडून आलेल्या नावांत एक निवृत्त नर्सबाई आहेत, फार शांत आणि पोक्त वाटतात. त्यांच्याशी तुम्ही जरूर बोला.

माणसं पारखण्याचं म्हणाल, तर मी आयुष्यभर माणसांची मापं घेतली आहेत. टेप लावायच्या आधीच मला अंदाज येतो.

मुलीची आई


१२ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तीस वर्षं मी बसगाड्या सोडल्या, एकही चालवली नाही. तरी एक गाडी कधी चुकीच्या गावाला गेली नाही. त्या फाइलवालीला तुम्ही उगाच उडवलंत. मुलगी हुशार होती, प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवते म्हणाली. मी तर मनातल्या मनात तिला रुजू करून घेतलं होतं.

तुमच्या शांत आणि पोक्त नर्सबाईंशी बोलले. सुरुवात छान झाली. मग मी सहज विचारलं, घरात आजी दोन असल्या तर कुणाचं ऐकाल? त्या म्हणाल्या, "ताईंचाच शब्द शेवटचा. माझ्या तिन्ही मुलींचे कपडे त्यांनीच शिवलेत, मला त्यांचा शब्द मोडवत नाही." ताई म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. विहीणबाई, तुमचं गिऱ्हाईक दारावर बसवायचं आणि मी बाहेर घंटा वाजवत उभी राहायचं, एवढी मी भोळी नाही. नकार.

संस्थेला मी एक तिसरं नाव सुचवलंय. बाई खणखणीत आहेत. डूलाचं शिक्षण हल्लीच घेतलं, पण जबाबदारीची सवय जुनी. बोलून बघा.

सूनबाई काल फोनवर आली. "बरी आहे" म्हणाली. मी विचारलं, दूध वेळेवर पाजतेस ना, तर पुन्हा "बरी आहे" म्हणाली. मला वाटलं फोनमध्ये बिघाड आहे.

मुलाची आई


१७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या खणखणीत बाईंनी फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "कुठून बोलताय?" मी सांगितलं, तर म्हणाल्या, "लवकर बोला, मागे लोक आहेत." मागे कुणीही नव्हतं. मी विचारलं, पूर्वी काय करत होतात? म्हणाल्या, "गाडीवर होते, कंडक्टर. मॅडमच्याच डेपोत." माझ्या लेकीला ही बाई काय तिकीट देणार आहे? तुम्ही माझ्या गिऱ्हाइकाला नावं ठेवलीत आणि स्वतः कंडक्टर बसवायला निघालात. नकार, आणि तोही मोठ्या आवाजात.

आता थट्टा बाजूला ठेवते. काल जावईबापूंचा फोन आला. बबडी सकाळी केस विंचरायला बसली आणि दुपारी ते घरी आले तेव्हाही ती कंगवा हातात घेऊन तशीच बसलेली होती. बाळ रडत होतं. ती बघत होती, पण उठत नव्हती. ते म्हणाले, "आई, तुम्ही दोघी अजून कुणाला नापास करणार आहात?"

मला भीती वाटते, विहीणबाई. आणि ही भीती लिहून सांगायला मला जगात तुम्हीच सापडाव्यात, याचं हसूही येतं.

संस्थेने चौथं नाव कळवलंय. जाड चष्म्याची आहे, फोटोत डोळे दिसत नाहीत. मी बोलले. मी म्हटलं, बाळाला घट्ट गुंडाळावं, सैल ठेवलं की ते दचकतं. ती म्हणाली, "अगदी बरोबर." मी म्हटलं, रडेल तेव्हा पाजावं, घड्याळ बघून नाही. "तुमच्यासारखं फार थोड्यांना कळतं." खिडकी बंद असावी. "वाऱ्याचं काही सांगता येत नाही." मला पहिल्यांदाच अक्कल असलेली बाई भेटली. माझा होकार. तुमचा कळवा, आणि कृपा करून लवकर कळवा.

मुलीची आई


२० मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

चष्मेवालीशी बोलले. माझाही होकार. मुलाला कळवून टाकलं, ती उद्यापासून येईल.

खरं सांगू, मला वाटलं होतं तुमची पसंती म्हणजे पुन्हा काहीतरी काळंबेरं असणार. पण बाई खरोखर समजूतदार निघाली. मी वेळापत्रकाचं बोलले तर म्हणाली, "तुमच्यासारखं फार थोड्यांना कळतं." तिच्याशी बोलून मला तुमच्याबद्दलही जरा बरं वाटलं.

मुलाची आई


४ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं, पण आता राहवत नाही. चष्मेवाली मला रोज दुपारी फोन करते. बाळ घट्ट गुंडाळलेलं असतं, रडेल तेव्हा दूध मिळतं आणि खिडकी बंद असते. सगळं मी सांगितलं तसं. तुमचं वेळापत्रक बहुतेक कपाटात गेलं असेल. मनाला लावून घेऊ नका, नव्या पद्धती सगळ्यांनाच झेपतात असं नाही.

बबडी जेवते म्हणे. झोपतेसुद्धा. मला मात्र अजून बोलावणं नाही. मी विचारलं की ती म्हणते, "थोडं थांबूया." आणि लगेच दुसराच विषय काढते. परवा तिने विचारलं, "तुमच्या बाळंतपणात तुमच्याजवळ कोण होतं?" मला हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. मी सांगत बसले. कुणीच नव्हतं, हे सांगायला एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. गॅसवरचं दूध उतू गेलं, शेगडीवर सगळा राडा झाला, तरी मी फोन ठेवला नाही. ती मधेमधे "मग?" एवढंच विचारत होती. मी रडले, हे तुम्हाला सांगायचं कारण नाही, पण सांगते.

तुम्हाला ती फोन करत नसेल, तिला तरी वेळ कुठे मिळणार. बबडीची काही खबर हवी असेल तर मला विचारत जा.

मुलीची आई


८ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि मग खुर्चीत बसून घेतलं.

चष्मेवाली मलाही रोज दुपारी फोन करते. तुमचा झाला की लगेच माझा येत असणार. तिने मला सांगितलंय की खिडकी सताड उघडी असते. दूध घड्याळाच्या काट्यावर दिलं जातं. बाळाला गुंडाळत नाहीत, हातपाय मोकळे असतात. बाळंतपणात माझ्याजवळ कोण होतं, हेही तिने विचारलंय, आणि मीही सांगितलंय. काय सांगितलं ते तुम्हाला लिहिणार नाही. गेल्या मंगळवारी मी तिला माझ्या सासूबाईंच्या जिभेबद्दल जे सांगितलं ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि आता ते ऐकायला तो बिचारा नाही.

म्हणजे ही बाई दोघींना चुना लावतेय. तुम्हाला बंद खिडकी, मला उघडी. एक बाळ एकाच वेळी गुंडाळलेलं आणि मोकळं कसं असेल? आणि हिच्या भरवशावर आपण घरी बसून बोलावण्याची वाट बघतोय. आपण निवडली, आपणच काढायची. मुलाला कळवायचं नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने जाऊ. स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी उभी राहते.

मुलाची आई


१० एप्रिल

येते. बोलायचं कुणी? तुम्हीच बोला, तुमचा आवाज पोचतो. मी मान हलवीन.

मुलीची आई


१६ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी टेकून झोपलात, म्हणून तेव्हा बोलता आलं नाही. की डोळे मिटून घेतले होतेत? असो. तुम्ही आत होतात तेव्हा बाहेर काय झालं ते सांगायलाच हवं.

आपण कसं ठरवून गेलो होतो. मी पाच वाक्यं पाठ केली होती, तुम्ही मान हलवायची तयारी केली होती. आणि त्या बाईने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ती झोपलीय." पडलीय नाही, झोपलीय. तिने आपल्याला बाहेरच्या खोलीत बसवलं, धुतलेल्या दुपट्यांची टोपली मधे ठेवली, आणि आपण नोकरीवरून काढायला गेलेल्या दोन बायका तिच्या हुकमाने घड्या घालायला लागलो. तुम्ही कडा किती छान जुळवता हे मी तेव्हा पाहिलं. मी घातलेल्या तीन घड्या तुम्ही गुपचूप उलगडून पुन्हा घातल्यात, तेही पाहिलं.

सूनबाई उठून बाहेर आली तेव्हा तुमची मान खाली होती. तुम्ही तिचा चेहरा पाहिला नाही, मी पाहिला. आपण दोघी एकत्र बसलेल्या दिसलो, आणि तिचा हात मागच्या मागे बाथरूमच्या कडीकडे गेला. विहीणबाई, मी भल्याभल्या ड्रायव्हरांना झापलंय. दारू पिऊन आलेल्यांना गेटवरून परत पाठवलंय. पण मला बघून कुणाचा हात असा दार शोधायला गेला नव्हता. मला फार लाज वाटली. पाठ केलेली पाचही वाक्यं गेली ती गेलीच.

तेवढ्यात तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "भूक लागलीय का गं?" दुसरं काहीही बोलला असतात तर ती आत गेली असती. ती कडीवरचा हात काढून तुमच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

मग मी चष्मेवालीला धरलं. म्हटलं, "तुम्ही आम्हाला दोघींनाही खोटं सांगितलंत." ती म्हणाली, "हो." चेहऱ्यावर सुरकुती नाही. म्हणाली, "मी आले तेव्हा तुमच्या दोघींचे दिवसभर फोन चालू होते, तिने उचलला नाही तरी निरोप पोचायचेच. एका फोननंतर ती खिडकी उघडायची, पुढच्या फोननंतर बंद करायची. मी तिला म्हटलं, आज्या माझ्याकडे. दुपारी मी तुमच्याशी बोलत बसायचे, तेवढ्यात ती झोपायची. मला पगार तिला झोपवायचा आहे, तुम्हाला खरं सांगायचा नाही."

मी म्हटलं, मग ते बाळंतपणाचं कशाला विचारत होता? तर म्हणते, "तुमच्या सूचना संपत नव्हत्या. काहीतरी दुसरं काढायलाच हवं होतं. मग मलाच पुढचं ऐकावंसं वाटायला लागलं." अशी बाई आहे. देवमाणूस वगैरे काही नाही, चक्क थापा मारते, आणि चहा इतका उकळते की चमचा उभा राहील. पण मला तिला काढता आलं नाही. "चहा कमी उकळा," एवढंच म्हणून मी पुन्हा घड्या घालायला बसले. तुम्हाला विचारल्याशिवाय केलं, रागावू नका.

आत काय झालं? तुम्ही दोघी बाहेर आलात तेव्हा तुमचे डोळे लाल होते आणि ती तोंड पुसत होती. मला सांगण्यासारखं असेल तर सांगा.

मुलाची आई


१९ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

झोपले नव्हते. डोळे मिटून घेतले होते.

तुम्ही तिला काढलं नाहीत ते बरं केलंत. काढलं असतंत तर मी त्या दिवशी पहिल्यांदा मान आडवी हलवली असती.

आत काही विशेष झालं नाही, म्हणूनच सांगते. ती स्टुलावर बसली. मी भात गरम केला, वर अंडं घातलं, आणि समोर ठेवलं. जिभेवर कितीतरी आलं होतं. हळू खा, सरळ बस, केस बांध, एवढी बारीक का झालीस. विहीणबाई, मी ते सगळं गिळलं. माझं पोट त्यातच भरलं. ती खात होती आणि मी ओट्याला टेकून उभी होते. मधेच म्हणाली, "तुम्ही दोघी एकत्र आलात?" मी म्हटलं, हो. "गाडीत भांडलात?" मी म्हटलं, एकाच सीटवर बसलो होतो, हात हलवायला जागा नव्हती. ती हसली. मोठं नाही, पण दात दिसले. मग ताट पुढे करून म्हणाली, "अजून आहे का?"

तेव्हा मला रडू आलं. मी पाठ फिरवून भांडं खरवडत बसले. दुसऱ्यांदा वाढलेलंही तिने संपवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "आई, मला वाटायचं मी बाळाला नीट सांभाळू शकत नाही म्हणून तुम्ही दोघी भांडता." मी काही बोलले नाही. तुम्ही माझी जीभ ओळखता, तेव्हा ते किती अवघड गेलं ते तुम्हाला कळेल. फक्त तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. कंगवा तिथेच खिडकीत होता, तिचे केस विंचरले, वेणी घातली. मग तुमच्या चष्मेवालीने येऊन सांगितलं की अर्धा तास झाला, आजच्यापुरती भेट पुरे.

कालच तिचा फोन आला होता. आता खरं बोलते म्हणाली, विश्वास किती ठेवायचा ते आपण ठरवू. बबडीने विचारलंय की येत्या रविवारी दोघी याल का. एकीने नाही, दोघींनी. मी हो सांगून टाकलं. तुमच्या वतीनेही सांगितलं, तुम्हाला न विचारता केलं, तेव्हा फिटंफाट. स्टँडवर त्याच खिडकीशी उभ्या राहा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी घरी पोचले तर घरचे दारातच उभे. इतक्या दिवसांनी बायको नातीला भेटून आली म्हटल्यावर त्यांना धीर कुठला. चपला काढू दिल्या नाहीत. "केवढी झाली? कुणासारखी दिसते? डोळे कुणाचे?" विहीणबाई, आपण बाळाला पाहिलंच नाही. पलीकडच्याच खोलीत पाळणा होता. ज्याच्यासाठी आपण महिनाभर एकमेकींच्या नाड्या आवळल्या, त्याच्याकडे तुम्ही मान वळवली नाहीत आणि मीही नाही. तशाच जिना उतरून आलो.

हे वाट बघत होते. "अगं, सांग की," म्हणाले. "आपली नात कशी आहे?"

मी म्हटलं, "दोनदा भात घेतला तिने. आणि हसली."

मुलीची आई